टक्क्यांखाली गेलेली गावं

२०२२ साली युक्रेनमधून माणसं जीव मुठीत धरून बाहेर पडली, तेव्हा पाश्चात्त्य वाहिन्यांचे काही वार्ताहर कॅमेऱ्यासमोर बोलून गेले की, ही आपल्यासारखीच, सुसंस्कृत माणसं आहेत. सीरियातून आलेल्यांच्या वाट्याला असे शब्द आले नव्हते. त्या वार्ताहरांवर टीका झाली आणि ती योग्यच होती. पण ‘आपल्यासारखा कोण’ ही फूटपट्टी आपल्याही बातम्यांत आहे.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत राजवटीने घरादारातून उपटून सैबेरियाकडे धाडलेली ही माणसं. त्यांत बायका-मुलंच जास्त. त्यांच्यासाठी बराकी, शाळा, चर्च उभं राहिलं. ही हकीकत आपली वर्तमानपत्रं जिव्हाळ्याने सांगतात, आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण पोलिश गेल्यावर त्याच छावणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं उतरली. तेच आजचं गांधीनगर. त्या कुटुंबांची हकीकत आपल्यापैकी कितीजणांनी वाचली आहे? परत जाणाऱ्या पाहुण्याचं कौतुक सोपं असतं. राहायला आलेल्याला आपण पारखून घेतो: किती गरीब, किती कष्टाळू, किती आपल्यातला. घर गेलेल्या माणसाने निवाऱ्यासाठी चारित्र्याचा दाखला का द्यावा?

आणि आपल्याच भागातल्या विस्थापितांचं काय? जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ची, लोकार्पण १९७६चं. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा भागातली शंभराच्या आसपास गावं या धरणाच्या जलाशयाने, नाथसागराने घेतली. राज्याचा पहिला पुनर्वसन कायदाही १९७६चाच; म्हणजे गावं आधी उठली, कायदा मागून आला. पावसाळ्यात पहिल्या पानावर चौकट असते: साठा इतके टक्के, आवक इतके क्युसेक. मग जलपूजनाचा फोटो, खणानारळाची ओटी. धरणग्रस्त छापले जातात ते बहुधा जलसमाधीचा इशारा दिल्यावरच. त्यांचं पुनर्वसन ही दया नव्हे, ते आपल्यावरचं देणं आहे. छत्रपती संभाजीनगर शहराच्या नळाला आणि वाळूजच्या कारखान्यांना येणारं पाणी त्यांच्याच गावठाणांवर साठलेलं आहे.

संपादकांना कळकळीची विनंती आहे. यंदा धरण भरल्याची बातमी लावाल, तेव्हा त्याच पानावर एका पुनर्वसित गावाचीही लावा. रस्ता, स्मशानभूमी, सातबाऱ्यावरचं नाव, यांतलं काय अजून मिळायचं राहिलं आहे, ते त्या गावच्या माणसांनाच विचारून छापा.