पताका कोणाला?

पारितोषिकांचा निकाल लागला की चित्रपटांच्या चाहत्यांमध्ये जो वाद पेटतो, त्यात एक शब्द हटकून येतो : 'अन्याय'. आपल्या आवडीचा चित्रपट मागे पडल्याचे दुःख होणे स्वाभाविक आहे. पण दुःख आणि अन्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसात भिजलेला माणूस हळहळतो, पावसाने अन्याय केला असे म्हणत नाही. मग ज्या निर्णयातून आपल्याला काही मिळायचे नाही की गमवायचे नाही, त्यात चाहत्याला अन्याय का दिसावा? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सौंदर्यविचारातला एक जुना पेच त्यात दडलेला आहे.

'मला हे आवडते' आणि 'हे सुंदर आहे' या दोन विधानांत कांटने १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भेद केला. पहिले विधान करणारा स्वतःपुरते बोलतो. दुसरे करणारा सर्वांच्या संमतीची अपेक्षा, नव्हे मागणीच, करत असतो. आणि तरीही ती मागणी सिद्ध करून दाखवील असा कोणताही नियम त्याच्या हाती नसतो. चाहत्याचा संताप या मागणीतून येतो. तेवढ्यापुरता तो निव्वळ हट्ट नव्हे. 'आवड ज्याची त्याची' असे म्हणून वाद मिटवणारा माणूस शहाणा वाटतो खरा; पण कलाकृतीचा अधिक मोठा अवमान तोच करतो, कारण चहात साखर किती असावी या प्रश्नाच्या पातळीवर तो तिला आणून बसवतो.

अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिकांच्या अलीकडच्या इतिहासात हा पेच उघडपणे दिसतो. २००९ मध्ये 'द डार्क नाइट' या बॅटमन-मालिकेतील चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नामांकन मिळाले नाही. त्याच वर्षी त्या विभागातील नामांकनांची संख्या पाचावरून दहा करण्यात आली, आणि अनेकांनी या दोन घटनांचा संबंध जोडला. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये ॲकॅडमीने 'लोकप्रिय' चित्रपटासाठी स्वतंत्र पारितोषिक जाहीर केले आणि टीका झाल्यावर महिन्याभरात तो विचार स्थगित केला. ही टीका केवळ उच्चभ्रू अभिरुचीच्या लोकांनी केली नव्हती. ज्यांच्या समाधानासाठी ही सोय काढली, त्या 'ब्लॅक पँथर'च्या चाहत्यांपैकी अनेकांनाही ती पंगतीबाहेर वेगळे पान वाढावे तशी वाटली. त्यांना पारितोषिकापेक्षा परीक्षण हवे होते. आपल्या चित्रपटाकडे इतरांइतक्याच गंभीरपणे पाहिले जावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. मला तो पूर्णतः न्याय्य वाटतो. २०१९ मध्ये त्या चित्रपटाला मुख्य विभागात नामांकन मिळाले. पारितोषिक 'ग्रीन बुक'ला गेले.

परंतु याच चाहत्यावर्गाची दुसरी बाजू २०२२ मध्ये दिसली. त्या वर्षी ट्विटरवरून प्रेक्षकांचा कौल मागवण्यात आला. एका माणसाला अनेकवार मत देण्याची मुभा होती. 'आर्मी ऑफ द डेड' हा चित्रपट पहिला आला, आणि टाळ्या घेणाऱ्या प्रसंगाचा मानही त्याच दिग्दर्शकाच्या, झॅक स्नायडरच्या, 'जस्टिस लीग'मधील प्रसंगाला मिळाला. येथे मोजली गेली ती निष्ठा आणि चिकाटी. अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी विघ्ने सांगितली, त्यांत स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक आहे. चाहता नेमका तेथे अडतो. चित्रपटाचा पराभव त्याला स्वतःचा पराभव वाटतो, आणि मग सर्वांच्या संमतीची ती उदात्त मागणी पक्षाच्या शिरगणतीत उतरते. मराठीत 'चाहता' आणि 'रसिक' हे दोन शब्द वेगळे राहिले आहेत, हे बरे आहे.

मालिकापटांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. मालिकेचा प्रेक्षक एक चित्रपट पाहत नाही. वर्षानुवर्षांच्या सहवासाने साचलेली सगळी स्मृती तो चित्रपटगृहात घेऊन येतो. परीक्षकापुढे मात्र एका वर्षाची एकच कृती असते. २००४ मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिसऱ्या भागाला अकराच्या अकरा नामांकनांत पारितोषिके मिळाली, तेव्हा तो मान तिन्ही भागांचा आहे असे सर्वसाधारणपणे मानले गेले. अवयवाला अवयवीचा मान देणे हा न्याय की सोय? आणि मालिकापटांविरुद्ध बोलणारेही यातून सुटत नाहीत. मार्व्हलचे चित्रपट म्हणजे सिनेमा नव्हे, असे मार्टिन स्कोर्सेसी यांनी २०१९ मध्ये म्हटले. त्यांचे म्हणणे वादासाठी मोलाचे आहे. परंतु त्यांना स्वतःला दिग्दर्शनाचे ऑस्कर २००७ मध्ये 'द डिपार्टेड'साठी मिळाले, तेव्हा 'टॅक्सी ड्रायव्हर' आणि 'रेजिंग बुल' यांचे जुने देणे फेडले जात आहे, अशीच अनेकांची भावना होती. म्हणजे तेथेही एका कृतीच्या नावावर साऱ्या कारकिर्दीची मालिका पुरस्कृत झाली.

भरताला या अडचणी ठाऊक होत्या. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगांची स्पर्धा आहे, प्राश्निक म्हणजे परीक्षक आहेत, आणि विजयी प्रयोगाला द्यायची पताकाही आहे. तरुण शृंगारात रमतात, शूर युद्धात, वृद्ध पुराणकथांत, हे तो आधीच सांगून ठेवतो. मग प्राश्निक नेमतो तेही विषयवार : यज्ञाच्या प्रसंगासाठी याज्ञिक, वृत्तांसाठी छंदज्ञ, शस्त्रांसाठी धनुर्धर. ज्याला जे कळते, त्याने त्याचा निर्णय द्यावा. आजच्या ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी सर्व शाखांचे हजारो सदस्य पसंतीक्रमाने मत देतात. या पद्धतीत अनेकांच्या यादीत दुसऱ्या-तिसऱ्या स्थानी असलेला चित्रपटही अखेर विजयी ठरू शकतो. 'हा चित्रपट त्याहून श्रेष्ठ' असा निर्णय कदाचित कोणा एका मनाने घेतलेलाच नसतो. चाहता ज्याच्यावर अन्यायाचा आरोप ठेवतो, तो आरोपीच सापडत नाही. सापडते ती बेरीज.

१९२९ च्या पहिल्या सोहळ्यात एक नव्हे, दोन चित्रपटांना सर्वोच्च मान होता. विमानयुद्धाची लोकप्रिय कथा सांगणारा 'विंग्ज' हा 'उल्लेखनीय चित्रपट' ठरला, आणि मुर्नाऊचा 'सनराइज' हा 'अनन्य व कलात्मक' चित्रपट. दुसऱ्या वर्षापासून दुसरे पारितोषिक बंद झाले आणि पुढे अधिकृत परंपरा 'विंग्ज'पासूनच मोजली जाऊ लागली. २०१२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने जगभरच्या समीक्षकांकडून सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी मागवली, तेव्हा 'सनराइज' पाचवा आला. तीही बेरीजच होती.