कोपऱ्याला शेजार लागतो

प्रो कबड्डीचा लिलाव संपतो त्याच रात्री संघांना गुण वाटले जातात. वाहिनीवर, मोबाइलवर, आमच्या नाशिकच्या चहाच्या टपरीवरसुद्धा. यंदा कागदावर तगडा कोण, कुणी तिजोरी उधळली, कुणाच्या हाती भोपळा आला. हंगामाला अजून महिने असतात, मॅट अंथरलेली नसते, प्रशिक्षकाने पोरांना एका रांगेत उभंही केलेलं नसतं, तरी निकाल लागलेला असतो. ही चर्चा मला उथळ वाटते. पण ती नुसती उथळ असती तर मी गप्प बसलो असतो. आपल्याच मातीत वाढलेला खेळ आडत्याच्या नजरेने बघायची सवय ती आपल्याला लावते आहे, म्हणून हे लिहितो आहे.

लिलाव म्हणजे काय हे नाशिक जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. लासलगावच्या आवारात ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात. व्यापारी कांदा हातात घेतो, दाबून बघतो, बोली होते, घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. एका ट्रॉलीच्या भावाचा शेजारच्या ट्रॉलीशी संबंध नसतो. लाल, उन्हाळ, गोल्टी, ज्याचा त्याचा भाव. पण तोच शेतकरी घरी चाळ भरतो तेव्हा त्याचा हिशेब बदलतो. मानेत ओल राहिलेला किंवा मार लागलेला कांदा तो बाजूला काढतो, कारण आत गेल्यावर प्रत्येक कांद्याला शेजार असतो आणि एक सडला की लगतचे सडतात. माल तोच, पण आवारात तो सुटा असतो आणि चाळीत सुटा राहत नाही. कबड्डीच्या दोन हंगामांमधल्या काळात आपण फक्त आवारातला हिशेब करतो.

हुतूतूपासून इथवरचा प्रवास मी सांगत बसत नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने दाखवलेली प्रात्यक्षिकं असोत की बुवा साळवींनी गावोगाव फिरून उभी केलेली संघटना, मराठी वाचकाला हे ठाऊक आहे. त्या काळात संघ म्हणजे मंडळ होतं आणि मंडळ म्हणजे गल्ली. सातही जण एकमेकांच्या ताटात जेवलेले असायचे. त्या दिवसांकडे परत चला असं मी म्हणत नाही. २०१४ पासून या खेळात पैसा आला, शेतकऱ्यांची पोरं त्यातून उभी राहिली, याचा मला आनंदच आहे. पण गल्ली संघाला जे फुकट द्यायची ते आता मिळवावं लागतं, आणि लिलावात ते विकायला नसतं.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. एक हुकमी खेळाडू आणा, संघाचं नशीब पालटतं. आणि पुरावा म्हणून नाव येतं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूचं. दहाव्या हंगामाआधी पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. संघाची खर्चाची सगळी मर्यादा ५ कोटींची, म्हणजे जवळपास निम्मी रक्कम एका डाव्या कोपऱ्यावर, साखळीच्या डाव्या टोकाच्या बचावपटूवर लावली. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. पुढच्या लिलावात पुण्याने शादलूला सोडलं, हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतलं, आणि अकराव्या हंगामाचा करंडक हरियाणाने नेला. पुणे बाद फेरीतही पोहोचलं नाही. जिथे शादलू तिथे करंडक, आणखी काय हवं?

बरंच काही हवं. शादलूच्याच कारकिर्दीतली आधीची आणि नंतरची वर्षं हवीत, आणि नेमकी तीच या मांडणीतून गाळली जातात. नवव्या हंगामात तो पाटण्याकडे होता. स्पर्धेतल्या अव्वल बचावपटूंमध्ये तेव्हाही त्याची गणना होती, पण पाटणा बाद फेरीत नव्हतं. बाराव्या हंगामात गुजरातने त्याच्यावर २ कोटी २३ लाख लावले, आणि गुजरातही बाद फेरीत नव्हतं. खेळाडू तोच, वयाने फार तर दोन-तीन वर्षं मोठा. दोन ठिकाणी करंडक आणि दोन ठिकाणी रिकामे हात, याचा अर्थ करंडकाचं कारण एकट्या त्याच्यात शोधून सापडणार नाही.

मग कुठे शोधायचं? दहाव्या हंगामाचा पुण्याचा संघ बघू. डाव्या कोपऱ्यात शादलू, त्याच्या लगतच्या जागी म्हणजे डाव्या कव्हरला संकेत सावंत, उजव्या कव्हरला अबिनेश नदराजन, उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री. चढाईला अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते आणि आमच्या नाशिकचा आकाश शिंदे. आता एक हंगाम मागे जाऊ. मुख्य नावं तीच, प्रशिक्षक तेच बी. सी. रमेश, फक्त डाव्या कोपऱ्यात शादलूऐवजी फझल अत्राचली. आणि तो संघही अंतिम फेरीत होता. जयपूरकडून ३३-२९ असा हरला, पण होता. मधल्या काळात फझल गेला आणि शादलू आला, म्हणजे स्पर्धेतला एक नामांकित डावा कोपरा देऊन दुसरा घेतला. बाकीची घडी मोडली नाही. अंतिम सामन्यात निर्णायक घाव घातला तोही पंकज मोहितेने, एका चढाईत चार गडी टिपून, आणि त्याच्यासाठी त्या लिलावात कुणी कोटीची बोली लावलेली नव्हती.

हरियाणाचंही तसंच. शादलू गेला तो कुठल्या तळाच्या संघात नव्हे, तर आदल्या वर्षी अंतिम सामना तीन गुणांनी हरलेल्या संघात. मनप्रीत सिंग प्रशिक्षक कायम, जयदीप आणि राहुल सेतपाल बचावात कायम, विनय आणि शिवम पटारे चढाईला कायम. त्या तीन गुणांचं अंतर शादलूने भरून काढलं, हे मी मानतो. मोठ्या खेळाडूची किंमत मी नाकारत नाही. पण उंबरठ्यावर उभ्या असलेल्याला आत ओढणं वेगळं आणि वेशीबाहेरच्याला घरात आणणं वेगळं.

चढाईपटू पवन सेहरावतची गोष्ट तर डोळ्यांत अंजन घालणारी आहे. नवव्या हंगामात तमिळ थलायवाजनी त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. गुण वाटणाऱ्यांच्या हिशेबाने थलायवाज तिथेच संपायला हवे होते. पण नवख्या नरेंदरने चढाईचा भार उचलला आणि तो संघ इतिहासात पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनी पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. पवन नव्हता त्या हंगामात टायटन्स २२ पैकी २ सामने जिंकले होते. पवन आल्यावरच्या हंगामातही २२ पैकी २. यात पवनचा दोष नाही. चढाई करून तो मध्यरेषा ओलांडून परत येतो तेव्हा राखायचं अंगण सात जणांचं असतं.

बाकीची मतं थोडक्यात आटोपतो. सगळं दुखापतींवर, म्हणजे नशिबावर आहे असं म्हणणाऱ्यांनी चर्चेत भागच घेऊ नये. आणि सगळं पैशावर आहे म्हणणाऱ्यांना सर्व संघांची मर्यादा सारखीच असते, एवढं सांगितलं की पुरे.

गुण देण्याची ही रीत अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्येही आहे. तिथे उन्हाळाभर हेच चालतं, आणि तिथे त्याला थोडा आधारही आहे. मैदानात पाचच जण, सामना ४८ मिनिटांचा, त्यातली चाळीस मिनिटं एकच मोठा खेळाडू मैदानात राहू शकतो. २००७ च्या उन्हाळ्यात बोस्टनने केविन गार्नेट आणि रे ॲलन यांना आणलं आणि २४ विजयांचा संघ ६६ विजयांवर जाऊन विजेता झाला. पण तिथेही २००३ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सनी शकील ओनील आणि कोबी ब्रायंटच्या जोडीला कार्ल मलोन आणि गॅरी पेटन आणले, चार दिग्गज एका छताखाली, आणि डेट्रॉइटच्या एकजीव संघाने त्यांना अंतिम फेरीत ४-१ ने लोळवलं. शिवाय बास्केटबॉलमध्ये बचाव करताना कुणी कुणाचा हात धरत नाही.

कबड्डीत धरतात, आणि माझं सगळं म्हणणं त्या हातावर उभं आहे. पंचवटीतल्या एका मैदानावर संध्याकाळी सराव बघत होतो. नेहमीचा डावा कोपरा परीक्षेला गेला होता, त्याच्या जागी दुसरा पोरगा उभा केला. अंगाने चांगला, घोट्याची पकड तर मूळच्या मुलापेक्षा जोरकस. पण शेजारच्या कव्हरने सवयीप्रमाणे मनगट पुढे केलं आणि याने बोटं धरली. चढाईवाला आत घुसला, कव्हर अर्धं पाऊल पुढे आला, हा तिथेच राहिला, बोटं सुटली आणि साखळीला पडलेल्या भगदाडातून चढाईवाला दोघांना शिवून गेला. प्रशिक्षक ओरडले नाहीत. त्यांनी दोघांना बाजूला घेतलं आणि चढाईवाल्याशिवायच अर्धा तास नुसतं हात धरून पुढे-मागे चालायला लावलं. कव्हर झेपावणार आहे हे कोपऱ्याला डोळ्यांनी नव्हे, मनगटाने कळलं पाहिजे.

म्हणून मी दोन शब्द वेगळे ठेवतो. एक जागा, दुसरा शेजार. लिलावात जागा भरता येते. डावा कोपरा रिकामा आहे, आणा एक डावा कोपरा. शेजार मात्र कोपरा आणि कव्हर यांच्या मधल्या त्या हातभर अंतरात असतो. पहिला धरणार की दुसरा अडवणार, बोनस सोडायचा की नाही, तीनच गडी उरलेत तेव्हा कोण पुढे जाणार, हे त्या दोघांत न बोलता ठरलेलं असतं. दोन हंगामांमधल्या उलाढालीने संघाचं भवितव्य किती बदललं हे मोजायचं तर किती जागा भरल्या हे मोजू नये, किती शेजार मोडले ते मोजावं.

अकराव्या हंगामातलं पुणं माझ्या मांडणीला टोचतं, हे खरं. बरेचसे गडी तेच, प्रशिक्षक तेच, तरी घसरण. अस्लम जखमी झाला हे कारण मी पुढे करू शकतो, पण नशिबाचा दाखला देणाऱ्यांना नुकतंच घालवून दिल्यावर ते मला शोभणार नाही. माझं उत्तर वेगळं आहे. फझल, मग शादलू, मग तिसराच, असा त्या डाव्या कव्हरच्या बाजूचा कोपरा तीन हंगामांत दोनदा बदलला. पहिल्या बदलात कसलेल्या माणसाने शेजार लवकर जुळवून घेतला. दुसऱ्या बदलात तेवढी सवड मिळाली नाही. बाराव्या हंगामात अस्लम परतला, घडी बसली आणि पुणे पुन्हा अंतिम फेरीत गेलं, दिल्लीकडून २८-३१ असं हरलं.

त्याच हंगामाआधी आकाश शिंदे पुणे सोडून बेंगळुरूला गेला. नाशिकमध्ये हळहळ झाली, मलाही वाईट वाटलं. हांगझोच्या २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात अस्लमबरोबर होता तो हा मुलगा. बेंगळुरू बुल्स आदल्या हंगामात तळाला होते, प्रदीप नरवाल आणि कोटीच्या वर किंमत मिळालेला अजिंक्य पवार असूनही. पण आकाश तिथे एकटा गेला नव्हता. पुण्यात ज्यांच्या हाताखाली तो घडला ते रमेशही प्रशिक्षक म्हणून बेंगळुरूला आले होते. लिलावाच्या रात्री या दोन नोंदी दोन वेगळ्या पानांवर होत्या. आकाश एक मधल्या किमतीचा चढाईपटू आणि रमेश एक बदललेला प्रशिक्षक. दोघांना एकत्र वाचणारा मला तरी कुणी भेटला नाही. बुल्स त्या वर्षी तळातून उठून बाद फेरीत पोहोचले.

दर लिलावाआधी संघ कायम ठेवलेल्या खेळाडूंची यादी जाहीर करतात. कोटींची बोली नसल्याने तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. मी ती वहीत उतरवून घेतो आणि प्रत्येक संघात एका बाजूचा कोपरा आणि त्याच बाजूचा कव्हर ही दोन्ही नावं टिकली आहेत का ते बघतो. टिकली असतील तर मधे पेन्सिलीने एक रेघ ओढतो.