फोडणीचं पान आधी उघड

भिवंडी, कासार आळी

चि. सौ. बेबीस,


नाताळच्या सुट्टीत दोन्ही मुलांना स्वयंपाक शिकवणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. मुलालाही बसवते आहेस, हे तर उत्तमच.

पुस्तक कोणतं घ्यावं म्हणून विचारलंस. चित्रांवर जाऊ नकोस. दुकानात उभ्या उभ्या फोडणीचं पान काढ. तिथे ‘नेहमीप्रमाणे फोडणी करावी’ एवढंच असेल, तर पुस्तक परत ठेव. दहा वर्षांच्या मुलाला कसलं ‘नेहमीप्रमाणे’? मी अकरा वर्षांची असताना असंच एक पुस्तक समोर ठेवून गार तेलात मोहरी, हिंग, हळद सगळं एकदम टाकलं होतं. मोहरी तडतडेपर्यंत हळद काळी झाली आणि आमटी कडू. त्यानंतर वर्षभर मी शेगडीजवळ गेले नाही. तेल तापलं का, हे एक दाणा टाकून बघायचं, मोहरी तडतडू द्यायची, मग जिरं, हिंग, आणि हळद शेवटी, आच कमी करून. कढीपत्ता पुसून कोरडा, नाहीतर तेल अंगावर उडतं. एवढं जे पुस्तक सांगेल, ते मुलांचं.

मापं वाटी-चमच्याची हवीत. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं आणि घरोघरी गेलं, त्यात या वाटी-चमच्याचा मोठा वाटा आहे. तुझ्याकडे ते असेलच. पण ते मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे. सबंध पुस्तक मुलांच्या हाती देण्यापेक्षा त्यातले आठ-दहा पदार्थ खूण करून दे. मनासारखं दुसरं मिळालं नाही, तर तेवढ्यावर सुट्टी निघेल.

सुरुवात गाजराच्या कोशिंबिरीपासून, तीही बिनफोडणीची. मग पोहे, मग फोडणीचं वरण. कुकर मात्र अजून दोन वर्षं तूच लाव. कृती आधी मोठ्यानं पूर्ण वाचायची, सामान ओट्यावर मांडायचं, मगच गॅस. हा नियम मोडू देऊ नकोस.

आणि पुस्तक कोरं ठेवायचं नाही. मुलांच्या हाती पेन्सिल दे. कुठे मीठ जास्त झालं, कुठे पाणी कमी पडलं, ते त्यांनीच समासात लिहायचं. तुझ्या आजीच्या वहीत हळदीचे डाग आहेत आणि कडेला तिच्याच दुरुस्त्या. मी अजूनही आधी त्या दुरुस्त्या वाचते.

सोबत पाच किलो वाडा कोलम पाठवते आहे, आपल्या शेजारच्याच तालुक्यातला. यंदाचा नवा तांदूळ आहे. पुस्तकात वाटीला दोन वाट्या पाणी लिहिलेलं असेल; याला पावणेदोनच पुरेल, नाहीतर भात गिच्च होईल. मुलांची समासातली पहिली नोंद हीच होऊ दे.

तुझी,
मावशी