न उघडलेला लिफाफा

4 जून 2024. मुंबई वायव्य मतदारसंघात शिवसेनेच्याच दोन गटांचे उमेदवार समोरासमोर होते. मतदान यंत्रांची बेरीज झाली तेव्हा अमोल कीर्तिकर यांची मतं होती 4,51,095 आणि रवींद्र वायकर यांची 4,51,094. दोघांची मिळून नऊ लाखांवर मतं, आणि फरक एका मताचा! टपाली मतांत वायकरांना 1,550 मिळाली, कीर्तिकरांना 1,501. वायकर 48 मतांनी खासदार झाले.

बाद झालेल्या टपाली मतपत्रिका होत्या 111. विजयाच्या फरकाच्या दुपटीहून जास्त. त्या पुन्हा तपासल्या गेल्या, निकाल बदलला नाही. कीर्तिकरांची निवडणूक याचिका डिसेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. पण टपाली मत बाद कसं होतं, हे किती मतदारांना ठाऊक असतं?

मोजणीच्या टेबलावर आधी मोठा लिफाफा फुटतो. आत दोन गोष्टी असाव्या लागतात: मतदाराचं घोषणापत्र आणि मतपत्रिका असलेला छोटा बंद लिफाफा. घोषणापत्रावर सही आहे का, साक्षांकन आहे का, त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक छोट्या लिफाफ्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर पाहिलं जातं. सगळं जुळलं तरच छोटा लिफाफा पुढे जातो. घोषणापत्रं वेगळी बांधून ठेवतात, म्हणजे कोणाचं मत कोणाला गेलं हे कळायला वाव राहत नाही. मात्र एक सही राहून गेली, तर छोटा लिफाफा न उघडताच बाद.

ही काटेकोर पद्धत किती मोलाची आहे, हे ऑस्ट्रियाने 2016 मध्ये अनुभवलं. राष्ट्राध्यक्षपदाच्या मे महिन्यातल्या दुसऱ्या फेरीत रविवारी रात्री नॉर्बर्ट होफर पुढे होते. सोमवारी टपाली मतं मोजली गेली आणि अलेक्झांडर फान डेर बेलन 30,863 मतांनी जिंकले. होफर यांच्या पक्षाने घटना न्यायालयात धाव घेतली. साक्षीपुराव्यांतून निघालं ते असं: अनेक जिल्ह्यांत लिफाफे ठरलेल्या वेळेआधीच, निवडणूक मंडळ हजर नसताना उघडले गेले होते. पक्षांच्या निरीक्षकांनी तर न पाहिलेल्या कामाच्या इतिवृत्तावर सह्या ठोकल्या होत्या. मतांत फेरफार झाल्याचा पुरावा मिळाला नाही. तरीही अशा नियमभंगाचा संबंध 77,926 मतांशी येत होता, म्हणजे निकाल बदलू शकेल इतक्या मतांशी. 1 जुलैला न्यायालयाने अख्खी फेरीच रद्द केली. फेरमतदान 2 ऑक्टोबरला ठरलं, तर लिफाफ्यांचा गोंदच सुटू लागला! मतदान 4 डिसेंबरवर गेलं. त्यात फान डेर बेलन सुमारे 53.8 टक्के मतं घेऊन, म्हणजे आधीपेक्षा बऱ्याच मोठ्या फरकाने निवडून आले.

न्यायालयाचा तो निर्णय कठोर होता, आणि योग्यही. मतदान केंद्रावर मतदार स्वतः बटण दाबतो, चिठ्ठी पडताना पाहतो. टपालाने मत देणाऱ्याला पुढचं काहीच दिसत नाही. त्याच्या वतीने पाहणारे डोळेच तिथे नसतील, तर त्याने भरवसा ठेवायचा कशावर?

भारतात क्रमाचा प्रश्नही याच भरवशाशी जोडलेला आहे. मोजणी टपाली मतांपासूनच सुरू होते, पण ती संपण्याआधी यंत्रांच्या सगळ्या फेऱ्या उरकल्या, तर शेवटी निकाल फिरवणारा गठ्ठा संशयास्पद वाटतो. सप्टेंबर 2025 मध्ये निवडणूक आयोगाने टपाली मोजणी पूर्ण झाल्याखेरीज यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करू नये, असा आदेश दिला. हे चांगलं झालं.

एक गोष्ट मात्र राहिलीच आहे. सीमेवरच्या जवानाला किंवा घरून मत दिलेल्या 85 वर्षांवरच्या आजींना आपलं मत बाद झालं, हे कोणी कळवत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात सही जुळली नाही, तर मतदाराला तसं कळवतात आणि मतदानानंतर आठ दिवसांपर्यंत चूक दुरुस्त करू देतात. आपल्याकडे इतकी मुदत देणं अवघड असेल. मोजणीच्या सकाळी आठनंतर आलेलं टपाली मत धरलंच जात नाही. पण निदान कारण कळवायला काय हरकत आहे? घोषणापत्रावरून मतदार कोण, हे कळू शकतं. आणि त्यातल्या चुकीमुळे बाद झालेला छोटा लिफाफा कोणी उघडलेलाच नसतो, त्यामुळे गुप्ततेलाही धक्का लागत नाही. एका पोस्टकार्डाचं काम आहे: तुमची सही राहिली होती, पुढच्या वेळी जरूर करा.