बोली आणि देणे

नाणे ही मुळात एक प्रतिज्ञा आहे. अमुक धातू, अमुक वजन आणि अमुक मोल याची हमी राजाने आपल्या मुद्रेने दिलेली असते. गोव्याच्या कदंबांनी तर आपल्या सोन्याच्या गद्याणांवर सिंहमुद्रेबरोबर श्रीसप्तकोटीश्वराचे नाव अंकित केले आणि राजाच्या शब्दास देवतेची साक्ष जोडली. असे हे वचनाचे प्रतीक असलेले नाणे आज संग्राहकांच्या लिलावात उभे राहते, तेव्हा त्याची किंमत मात्र एका आकड्यात सांगितली जात नाही. पुकारणाऱ्याची हातोडी पडते तेव्हाचा आकडा एक असतो आणि बिलावर येतो तो आकडा दुसरा असतो. या दोहोंतील अंतर नैतिक दृष्ट्या कसे समजावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या अंतरास लिलावाच्या बाजारात ‘बायर्स प्रीमियम’ म्हणतात. आपल्या सराफी परंपरेत नाण्यांच्या अदलाबदलीत वर द्याव्या लागणाऱ्या रकमेस ‘वरताळा’ असा नेमका शब्द होता. आपण तोच वापरू. लंडनच्या ख्रिस्टीज आणि सदबीज या दोन पेढ्यांनी १९७५ साली शेकडा दहा दराने हा वरताळा सुरू केला. तोपर्यंत तेथे लिलाव करणाऱ्याची दलाली विकणारा देत असे. त्यानंतर घेणाऱ्याकडूनही ती घेतली जाऊ लागली. नाण्यांच्या मोठ्या लिलावांत शेकडा वीस किंवा त्याहूनही अधिक असा दर आता सर्रास आढळतो.

एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. अमेरिकेच्या टांकसाळीने १९३३ साली वीस डॉलरची सोन्याची नाणी पाडली. परंतु त्याच वर्षी सोन्याविषयीचे धोरण पालटल्यामुळे ती कधीच चलनात आणली गेली नाहीत व बहुतेक वितळविण्यात आली. त्यांपैकी एक नाणे दीर्घ कज्जानंतर, तडजोडीने, ३० जुलै २००२ रोजी न्यूयॉर्क येथे विक्रीस निघाले. हातोडी पडली ती ६६ लाख डॉलरवर. त्यावर शेकडा पंधरा वरताळा, म्हणजे ९ लाख ९० हजार डॉलर. आणि याखेरीज आणखी फक्त २० डॉलर! हे वीस डॉलर अमेरिकेच्या खजिन्यासाठी होते; कारण जे नाणे सरकारने कधी दिलेच नव्हते, त्याचे दर्शनी मूल्य खजिन्यात भरल्याशिवाय ते कायदेशीर नाणे होत नव्हते. एकूण देणे झाले ७५ लाख ९० हजार २० डॉलर. या तीन आकड्यांत सर्वांत लहान आकड्याचे कारण सर्वांत स्वच्छ आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पहिला आकडा स्पर्धेने ठरला आणि तिसरा कायद्याने. मधला आकडा कोणत्या न्यायाने ठरतो?

यावर पेढ्यांचे उत्तर तयार असते. त्या म्हणतात, आमच्या शर्ती छापील आहेत, दर आधीच जाहीर आहे, बोली बोलणारा तो जाणूनच बोलतो. मग तक्रार कसली? कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर बहुतांशी बरोबर आहे. जाणून दिलेली संमती हा कराराचा प्राण होय. जो शर्ती न वाचता बोलतो आणि मागाहून बिल पाहून हळहळतो, त्यास न्यायालयात फारशी सहानुभूती मिळणार नाही, आणि मिळूही नये. परंतु कायद्याचे समाधान झाले म्हणजे नीतीचेही झाले, असे मात्र नव्हे. या ठिकाणी थोडे गणित करणे आवश्यक आहे.

समजा, एखाद्या जाणत्या संग्राहकाच्या मते एका नाण्याचे मोल १ लाख २० हजार रुपये आहे. वरताळा शेकडा वीस आहे हे त्यास ठाऊक आहे. तो बोली कोठवर नेईल? एक लाखापर्यंतच, कारण वरचे वीस हजार त्यास पेढीस द्यायचे आहेत. आता विकणाऱ्याकडे पाहा. त्याच्याकडून शेकडा दहा दलाली ठरली असेल, तर त्याच्या हाती ९० हजार पडतील. घेणाऱ्याने दिले १ लाख २० हजार, विकणाऱ्यास मिळाले ९० हजार, आणि मधले ३० हजार, म्हणजे एकूण रकमेचा चौथा हिस्सा, पेढीचा झाला. तरी घेणारा म्हणतो, ‘मी वीस दिले’, आणि विकणारा म्हणतो, ‘मी दहाच दिले’. वस्तुतः घेणाऱ्याने आपली बोली आधीच तितकी खाली ठेवली असल्यामुळे हा सारा भार बव्हंशी विकणाऱ्यावरच पडलेला असतो. वरताळ्याचे नाव घेणाऱ्याचे, आणि झीज विकणाऱ्याची!

हा विकणारा पुष्कळदा कोण असतो? कर्ता पुरुष गेल्यावर देवघरातील पेटीत लक्ष्मीपूजनाची जुनी नाणी सापडलेली एखादी वृद्ध माउली. तिला सांगण्यात येते, ‘आई, तुमच्याकडून आम्ही काहीच घेत नाही; आमचे जे काय ते घेणाऱ्याकडून.’ ती समाधानाने सही करते. सांगणाऱ्याने अक्षरशः खोटे असे काही सांगितलेले नसते. तरीही तिच्या मनात उत्पन्न झालेली समजूत खोटी असते, आणि ती तशीच राहावी यात सांगणाऱ्याचा लाभ असतो. माझ्या मते दोष आहे तो येथे. फी घेणे हा दोष नव्हे. नाणे पारखणे, त्याचे छायाचित्र व वर्णन छापणे, खरेपणाची हमी देणे हे श्रमाचे काम आहे आणि श्रमास मोल असलेच पाहिजे. एका किमतीचे दोन तुकडे करून प्रत्येकास केवळ अर्धेच दाखविणे, हा दोष होय.

आपल्या प्राचीन ग्रंथांत या प्रश्नाचा विचार झालेला आहे. १९०९ साली म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात, घर व जमीन यांच्या विक्रीच्या प्रकरणी, चाळीस शेजारी कुटुंबांच्या समक्ष किमतीचा तीनदा पुकारा करावा, असे सांगितले आहे. स्पर्धेने किंमत चढली तर ती वाढ शुल्कासह राजाच्या कोशात जावी आणि शुल्क बोली करणाऱ्याने द्यावे, असाही तेथे नियम आहे. म्हणजे घेणाऱ्यावर शुल्क बसविण्याची कल्पना लंडनची नव्हे, ती आपल्याकडे फार जुनी आहे. भेद आहे तो दोन ठिकाणी. तेथे शुल्क घेणारा राजा होता, विकणाऱ्याचा मुनीम नव्हता. आणि सर्व व्यवहार चारचौघांच्या कानांवर पडत होता. आजची पेढी विकणाऱ्याची प्रतिनिधी म्हणून उभी राहते आणि घेणाऱ्याकडूनही मोबदला घेते. तेव्हा ती कोणाची माणूस आहे, हा प्रश्न विचारण्याचा दोघांनाही अधिकार आहे. हा प्रश्न पोकळ नाही. १९९० च्या दशकात वर उल्लेखिलेल्या त्याच दोन पेढ्यांनी दलालीच्या दरांविषयी गुप्त संगनमत केल्याचे पुढे उघड झाले. ग्राहकांच्या दाव्यात ५१ कोटी २० लाख डॉलर देण्याचे त्यांना मान्य करावे लागले, आणि त्यांपैकी एकीचे माजी अध्यक्ष २००१ साली दोषी ठरले.

येथवर पेढीच्या कर्तव्याचे झाले. परंतु न्यायाच्या तराजूस दोन पारडी असतात. बोली बोलून पैसे न देणारा खरेदीदार हाही या बाजारातील एक जुना रोग आहे. लिलावात इतर खरेदीसारखी विचार पालटण्यास सवड नसते. मनुस्मृतीने सामान्य क्रयविक्रयात पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांची मुभा दिली आहे. परंतु आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याच्या ६४ व्या कलमाप्रमाणे, हातोडी पडेपर्यंतच बोली मागे घेता येते, पडल्यावर विक्री पुरी झाली. याचे कारण उघड आहे. लिलावातील बोली एकट्याची नसते. माझ्या बोलीने माझ्या शेजारचा मागे हटला, विकणाऱ्याने त्यास मुकावे लागले. मी आता माघार घेतली, तर तो गेलेला माणूस परत आणून देण्याचे सामर्थ्य माझ्यात नाही.

म्हणूनच भरण्याच्या शर्ती कडक असतात आणि त्या तशा असाव्यात. नाणे पूर्ण पैसे मिळाल्यावरच हाती देणे, मुदत उलटल्यावर व्याज लावणे, अपरिचितास अनामतीशिवाय बोलू न देणे, यांत जुलूम नाही. आपल्या दिवाणी न्यायालयांच्या हुकुमाने स्थावराचा लिलाव होतो, तेव्हा रकमेचा चौथा भाग तेथल्या तेथे आणि बाकी पंधरा दिवसांत भरावी लागते; न भरल्यास अनामत जप्त होऊ शकते, मालमत्ता पुन्हा विकली जाते आणि तीत येणारी तूटही चुकारास भरून द्यावी लागते. कौटिल्याने तर सात रात्रींचीच मुदत ठेवली होती. त्यानंतर बोली करणारा न आला तर मालकाने खुशाल दुसऱ्यास विकावे. त्याच वेळी, बोली स्वीकारून ती मोडणाऱ्या मालकासही त्याने दंड सांगितला, हे विसरता कामा नये. शर्त दोघांस सारखी असली म्हणजे तिचा कडकपणा जाचत नाही.

‘लिलाव’ हा शब्द आपल्या भाषेत पोर्तुगिजांकडून आला. परंतु गोमंतकातील देवळांत त्याहून वेगळा असा एक आपला शब्द आहे, तो म्हणजे पावणी. देवास अर्पण झालेला नारळ, फणस वा केळ्यांचा घड सभामंडपात पुकारला जातो आणि भाविक चढाओढीने बोलतात. बाजारात ज्यास कोणी विचारणार नाही अशा फळास तेथे कैकपट मोल येते. आणि घेणारा फसला असे कोणासही वाटत नाही. का वाटत नाही? कारण तेथे बोलीचा आकडा हाच देण्याचा आकडा असतो, तो कोणाकडे जाणार हे लहान मुलासही ठाऊक असते, आणि अधिक देणारा अधिक देत आहे हे जाणूनच देतो. महाग आणि स्वस्त हा तेथला प्रश्नच नव्हे. जे बोलले तेच दिले की नाही, एवढाच प्रश्न असतो.

नाण्यांचा बाजार म्हणजे देऊळ नव्हे, आणि तो देऊळ व्हावा अशी अपेक्षाही वेडेपणाची ठरेल. त्यात नफा राहणार, दलाली राहणार. परंतु पावणीतील दोन नियम तेथेही पाळता येण्याजोगे आहेत. पेढीने हातोडी पडण्यापूर्वी घेणाऱ्यास संपूर्ण देणे आणि विकणाऱ्यास संपूर्ण वजावट, एकाच कागदावर, एकाच आकाराच्या अक्षरांत दाखवावी. आणि बोलणाऱ्याने हात वर करण्यापूर्वी संपूर्ण देण्याचा हिशेब मनात मांडावा. मागाहून मुदत मागू नये, आणि देवळात बोलला असेल तर देवस्थानच्या वहीत आपल्या नावापुढे बाकी ठेवू नये. देवापुढे उधार बोलणारा बाजारातल्या पेढीस नावे ठेवू लागला, तर ते शोभणार नाही. बोली हे वचन आहे, आणि वचनाचे मोल, नाण्याप्रमाणेच, ते पुरे वजन भरते की नाही यावरच ठरते.