निवडणे आणि भेद करणे

धान्य स्वच्छ करण्याच्या कामासाठी मराठी भाषेत एक नव्हे, अनेक क्रियापदे आहेत. खळ्यावर वाऱ्याच्या आधाराने भूस उडवून लावणे म्हणजे उफणणे. सुपात घेऊन फोल बाजूला काढणे म्हणजे पाखडणे. बारीक माती व चुरा चाळणीतून खाली पाडणे म्हणजे चाळणे. हे सर्व झाल्यावर परातीत पसरलेल्या तांदळातून एकेक खडा वेचून काढणे म्हणजे निवडणे. पहिल्या तीन कामांना वारा, सूप आणि चाळणी यांचे साहाय्य असते. चौथे काम डोळ्याचे व बोटांचे आहे. कारण शेवटी उरलेला खडा वाऱ्याने उडत नाही, चाळणीतून गळत नाही, आणि दिसतो तर थेट तांदळासारखाच.

या साध्या क्रियापदाचा व्याप मोठा आहे. आपण भाजी निवडतो, वाण निवडतो, मत देऊन प्रतिनिधी निवडतो. ‘निवाडा’ हा न्यायदानातील शब्दही याच घराण्यातला. शास्त्रग्रंथांतील ‘विवेक’ हा शब्द ‘विच्’ म्हणजे वेगळे करणे या धातूला ‘वि’ उपसर्ग लागून सिद्ध झाला आहे. वेदान्तात सांगितलेल्या साधनचतुष्टयातील पहिले साधन नित्यानित्यवस्तुविवेक, म्हणजे टिकणारे काय आणि न टिकणारे काय हे वेगळे ओळखणे. मुकुंदराजांनी आपल्या ग्रंथास ‘विवेकसिंधु’ असे नाव दिले. स्वयंपाकघरातील परात आणि तत्त्वज्ञानाचा ग्रंथ यांत अशा रीतीने एकच क्रिया चाललेली दिसते.

जीवनातही कठीण खडे तेच, जे दाण्यासारखे दिसतात. चोरी वाईट हे ओळखावयास विवेक फारसा लागत नाही. परंतु काटकसर कोठे संपते व कृपणता कोठे सुरू होते, स्पष्टवक्तेपणा कोणता व उद्धटपणा कोणता, क्षमा कोणती व भित्रेपणा कोणता, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. दानधर्म आणि दानाचा दिखावा यांची पावती तर एकाच रकमेची असू शकते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वेगळे करण्याची हीच क्रिया माणसांवर वळली की तिला अनेकदा दुसरे रूप येते. त्याला आपण भेद करणे, भेदभाव करणे असे म्हणतो. दोन्हीकडे वेगळे करणे आहे, मग अंतर कोठे? निवडणारा प्रत्येक दाणा पाहतो. भेद करणारा पोत्यावरची खूण पाहूनच आतील धान्य टाकून देतो. निवडणाऱ्याचा हेतू दाणा राखण्याचा असतो, भेद करणाऱ्याचा हेतू माणूस दूर ठेवण्याचा असतो.

या चुकीची फार मोठी किंमत आपल्या महाराष्ट्राने मोजली आहे. मंगळवेढ्याचे संत चोखामेळा यांना त्यांच्या हयातीत पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश नव्हता. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास भिंत कोसळून त्यांचा अंत झाला, आणि त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ बांधली गेली. भक्ती पाहिली असती तर हा दाणा प्रथम वेचला गेला असता. पाहिली गेली ती जात. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० मध्ये सत्याग्रह सुरू झाला. पंढरपूरचे द्वार सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. चोखोबांच्या निधनापासून तोवर सहाशे नऊ वर्षे लोटली होती. पुढे २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली.

मग माणसांना वेगळे करणे सर्वथा अयोग्य मानावे काय? तसेही नाही. वृद्ध, दिव्यांग व तान्ह्या मुलांच्या माता यांना दर्शनाच्या रांगेत आधी सोडणे, हेही वेगळे करणेच आहे. पण त्यामागे गरज पाहिलेली असते. यासाठी एक कसोटी सुचवावीशी वाटते. ज्याला आपण मागे ठेवले, त्याच्या डोळ्यांस डोळा देऊन त्याचे कारण सांगता येईल काय? “आजींना उभे राहवत नाही, म्हणून त्यांना पुढे सोडले,” हे कोणासही सांगता येते व ऐकणाराही मान डोलावतो. “तुझे कपडे मळके आहेत, म्हणून तू पंगतीत शेवटी बैस,” हे सांगताना जीभ अडखळावी. अधिक देणगी देणाऱ्यास आधी दर्शन द्यावे काय, या प्रश्नासही हीच कसोटी लावून पाहावी. चार तास रांगेत उभ्या असलेल्या शेतमजुरास आपण कोणते कारण सांगणार, याचे उत्तर व्यवस्था पाहणाऱ्या आम्हां मंडळींनी आधी तयार ठेवले पाहिजे. ते सापडत नसेल, तर व्यवस्थाच तपासावी.

आता बाजारात यंत्राने स्वच्छ केलेले तांदूळ मिळतात. परात घेऊन उजेडात बसलेली आजी नव्या पिढीस क्वचितच दिसते. तथापि तिची रीत विसरण्याजोगी नाही. ती उजेड पाहून बसे, एका वेळी मूठभरच दाणे पुढे ओढी आणि हात चालू असता नजर हलू देत नसे. घाईने निवडलेल्या तांदळातील खडा निदान आपल्याच दाताखाली येतो. माणसांबाबत केलेल्या घाईचा खडा मात्र दुसऱ्याच्या घासात जातो. म्हणून तेथे दुप्पट उजेड आणि दुप्पट वेळ घ्यावा.