देवाचे गाणे आणि तिकिटाचे गाणे

सदलग्यासारख्या सीमेवरील गावात भजनास भाषेची अडचण पडत नाही. दूधगंगेच्या काठी तुकोबांचा अभंग आणि पुरंदरदासांचे पद एकाच टाळावर चालते. त्याचे आम्हांस नवलही वाटत नाही. परंतु तेच पद कोणी नाट्यगृहात तिकीट लावून गायिले की आमच्या कपाळी आठी पडते. देवापुढचे गाणे विकावे काय?

ही अडचण केवळ आपल्या देवळांची नव्हे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांतील गायकीतून जे संगीत निपजले, त्याला नावच मुळी ‘सोल’, म्हणजे आत्मा, असे पडले. रे चार्ल्स या गायकाने 1954 साली भक्तिगीताच्या धाटणीवर ऐहिक प्रेमाचे शब्द बसविले, तेव्हा पुष्कळ श्रद्धाळूंना तो धर्मद्रोह वाटला.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातील उदाहरण याहून बोलके आहे. सुळेभावी येथे 8 एप्रिल 1924 रोजी जन्मलेले शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजेच कुमार गंधर्व, बालपणापासून बैठकी गाजवीत होते. पुढे क्षयाने गाठले. 1948 साली ते हवापालटासाठी माळव्यात देवासला गेले आणि सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले. विकावयास जवळ काहीच उरले नव्हते, अशा त्या काळात माळव्यातील बायकांची गीते आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने त्यांच्या कानी पडली. त्या लोकधुनांतून त्यांनी मालवती, लगनगंधार, संजारी यांसारखे नवे राग घडविले, बंदिशी रचिल्या. 1953 च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. एका फुफ्फुसाचे बळ गेलेले, म्हणून तानही तोकडी, पण धारदार. पुढे कबीर, सूरदास, मीरा यांची पदे त्यांनी ‘त्रिवेणी’तून सभागृहांत गायिली. श्रोते तिकीट काढून आले.

यात देव विकला गेला काय? आम्हांस तसे वाटत नाही. तिकीट खुर्चीचे, दिव्यांचे आणि गायकाच्या चरितार्थाचे असते. गायक गिऱ्हाईकाच्या रुचीसाठी पद गोड करू लागला, तर मात्र विक्री सुरू झाली म्हणावे. कुमारांनी जोग्याच्या स्वराची ती उघडी, रोखठोक फेक सभागृहातही मऊ केली नाही. ज्यांना ती कर्कश वाटली, त्यांना वाटू दिली.

परंतु दुसरा एक प्रश्न उरतो, आणि तो आम्हांस अधिक टोचतो. ज्या जोग्यांपासून, ज्या बायकांपासून हे धन मिळाले, त्यांची नावे आम्हांपैकी कितीजणांस ठाऊक आहेत? कुमारांना 1990 साली पद्मविभूषण लाभले, आणि ते योग्यच झाले. आमच्या देवळांतही उत्सवाच्या पाहुण्या गायकास शाल, श्रीफळ आणि पाकीट मिळते. वर्षभर पहाटे काकड आरती म्हणणारा म्हातारा त्या रात्री मंडपाच्या मागल्या खांबाशी उभा असतो. तिकिटाचा वाद घालणाऱ्या विश्वस्तांनी एकदा त्याच्याकडेही पाहावे आणि यंदाच्या उत्सवात त्याला कोठे बसवावयाचे, ते आधी ठरवावे.